डॉक्टरांनी निवांत ऐकून घेतल्याने खरंच फरक पडतो का?

डॉक्टर पेशंटशी चार वाक्यं जास्त बोलले तर आजारात काही फरक पडतो, की नुसतं मनाला बरं वाटतं, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे फरक थेट गोळ्यांत पडला.

आईला चक्कर यायची, संध्याकाळपर्यंत पावलं सुजायची. वर्षभरात तीन दवाखाने झाले. बीपी बघितलं, चिठ्ठी लिहिली, चला पुढचा पेशंट. एके ठिकाणी सुजेवर लघवीची गोळी मिळाली, तर चक्कर आणखी वाढली.

मग एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घोट्याजवळ अंगठा दाबला, खड्डा पडला तो तसाच राहिला. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय करता?" आईने चहापासून सुरुवात केली. बाहेर सात जण ताटकळलेले, मलाच ओशाळल्यासारखं झालं. ते मात्र "हं, मग?" एवढंच म्हणत होते. देवपूजा झाली, नातीचा डबा झाला, आणि मग, "नाश्ता झाला की पांढरी गोळी नि ती नवी पिवळी."

पिशवी टेबलावर रिकामी झाली. पिवळीत दोन औषधं एकत्र होती, त्यातलं एक अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे बीपी कमी करणारं औषध. जुनी पांढरी म्हणजेही अ‍ॅम्लोडिपिनच! नवी सुरू झाली की जुनी बंद करायची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही, कारण "त्यांना घाई असते रे." पाय सुजणं हा या औषधाचा ठाऊक असलेला दुष्परिणाम, डोस वाढला की तोही वाढतो. पांढरी गेली, लघवीचीही गेली. काही आठवड्यांत जुनी चप्पल पुन्हा पायात जायला लागली.

गर्दीत डॉक्टरांना वेळ कुठून मिळणार, हेही खरंच. 2017 साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात 67 देशांचा आढावा आला होता: स्वीडनमध्ये एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं, आपल्याकडे जेमतेम दोन. पण स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या डॉक्टरांनी पेशंटला मध्ये न तोडता बोलू दिलं, तर सरासरी 92 सेकंदांत माणसं आपणहून थांबली. हा अभ्यास 2002 चा. (आईने जास्त घेतले, कबूल.)

डॉक्टरांना तेवढा वेळ मिळेल तोवर आपल्या हातातलं एवढंच: घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे-चूर्णांसकट, पिशवीत घालून न्या. नवी गोळी लिहून दिली, की उठायच्या आधी विचारा, "यातली जुनी कुठली बंद करायची?"