शोपँच्या प्रील्यूड्सची महाग ऊर्टेक्स्ट प्रत घ्यावी, की नेटवरची फुकटची पुरेल?

शोपँ या संगीतकाराची प्रील्यूड्स, म्हणजे पियानोच्या छोट्या रचना (ओपस २८ हा संग्रह), नेटवर फुकट मिळत असताना हेन्ले किंवा पोलिश नॅशनल एडिशन अशा ऊर्टेक्स्ट (मूळ पाठ देणाऱ्या) आवृत्त्यांवर पैसे का घालायचे, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः दोन वर्षं फुकटच्या प्रिंटवर काढली आहेत.

विसावं प्रील्यूड घ्या, सी मायनर. जेमतेम १३ बार (तालाचे खाने), शिकणारे बहुतेक जण आधी हेच धरतात. तिसऱ्या बारच्या शेवटच्या कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांत) ई नॅचरल की ई फ्लॅट? सी म्हणजे सा धरला, तर गंधार शुद्ध की कोमल? शोपँच्या हस्तलिखितात तिथे फ्लॅट नाही. पण त्याची शिष्या जेन स्टर्लिंग हिच्या छापील प्रतीत तो पेन्सिलीने घातलेला आहे. माझ्या प्रिंटमध्ये सरळ फ्लॅट होता, ना कंस ना तळटीप. रेकॉर्डिंगमध्ये कुणी शुद्ध वाजवला की मला वाटायचं, चुकला बिचारा!

घोळाचं मूळ असं, की तेव्हा एका देशातला कॉपीराइट दुसऱ्या देशात चालत नसे. म्हणून शोपँ तीन ठिकाणी छापायला द्यायचा: पॅरिस, लाइपझिग, लंडन. राहायचा पॅरिसमध्ये, त्यामुळे प्रुफं तपासलीच तर तिथलीच. शिवाय शिकवताना शिष्यांच्या प्रतींवर नवे बदल करायचा ते वेगळंच. ऊर्टेक्स्ट म्हणजे मूळ पाठ खरा, पण इथे मूळ एकच कुठे आहे? छपाईची चूक दुरुस्त करता येते. दोन्ही पाठ त्याचेच असतील तर काय करणार? चांगला संपादक अशा वेळी दोन्ही दाखवतो आणि कुठला कुठून आला ते सांगतो. पैसे त्याचे.

यान एकियरने संपादित केलेली नॅशनल एडिशन मला जास्त आवडते. बोटांचे आकडे शोपँचे कुठले आणि संपादकाचे कुठले, हे टाइपावरूनच कळतं. (नवी प्रत स्टँडवर उघडी राहत नाही, कपड्यांचे चिमटे लागतात.)

एवढा खर्च आत्ता नको असेल तर मिकुलीची जुनी आवृत्ती फुकट उतरवून घ्या. तो शोपँचाच शिष्य. फक्त गुरूचं काय आणि त्याचं स्वतःचं काय, हे पानावर वेगळं दिसत नाही.

मी हल्ली शुद्ध गंधार वाजवतो. आमच्या पियानोच्या बाईंना अजून कोमलच हवा असतो.