स्टाइल म्हणजे शैली, की रीत?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे: "प्रबंधाचं पहिलं प्रकरण इंग्रजीत लिहून मार्गदर्शकांना दिलं. त्यांनी समासात सात-आठ ठिकाणी 'स्टाइल तपासा' असा शेरा मारून ते परत केलं. कोशात स्टाइल म्हणजे शैली. शैली ज्याची त्याची असते ना? मग तिला नियम कसे? मी वाक्यं पुन्हा लिहिली, जरा भारदस्त केली, तरी तोच शेरा परत आला. दुसरं म्हणजे 'एट अल.' लिहिताना टिंब कुठे द्यायचं?"

टिंबाकडे शेवटी येतो. आधी 'स्टाइल', कारण या एका शब्दाचा अर्थ चुकीच्या बाजूनं लावला की महिनोन् महिने वाया जातात. शोधनिबंध तपासून देण्याच्या कामात मी हे वारंवार पाहिलं आहे. मार्गदर्शक म्हणतात 'स्टाइल', विद्यार्थी ऐकतो 'शैली', आणि बिचारा चांगली सरळ वाक्यं मोडून अवघड करत बसतो.

इंग्रजी 'स्टाइल' लॅटिनमधल्या 'स्टिलस'वरून आला. स्टिलस म्हणजे मेण थापलेल्या पाटीवर अक्षरं कोरायची काडी. एक टोक अणकुचीदार, लिहायला. दुसरं चपटं, लिहिलेलं मोडून मेण सारखं करायला. पुढे काडीचं नाव लिहिण्याच्या धाटणीला चिकटलं. (स्पेलिंगमधला 'वाय' मात्र गैरसमजातून शिरला. खांब या अर्थाच्या ग्रीक 'स्टायलोस'शी या शब्दाचं नातं आहे असं कुणीतरी धरून चाललं, आणि तेच रूढ झालं.) आपणही 'त्यांची लेखणी धारदार आहे' म्हणतो तेव्हा लेखणीची नव्हे, लिहिण्याची तारीफ करत असतो. पण त्याहून जवळचा दाखला 'कलम' या शब्दाचा आहे. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ लेखणी. तोच आज कायद्याचं कलम झाला आहे. लिहायच्या साधनाचं नाव नियमाला मिळणं आपल्याला परकं नाही. स्टिलसचंही तेच झालं. त्याच्यातून एकीकडे लेखकाची स्वतःची धाटणी निघाली आणि दुसरीकडे सगळ्यांनी पाळायचे संकेत निघाले. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात.

मराठी 'शैली'त दुसरा अर्थ मावत नाही. हा शब्द 'शील'वरून आला. स्वभाव, वागण्याची सवय. त्यामुळे शैली म्हटलं की माणूस आलाच, आणि 'शैली तपासा' हा शेरा 'स्वभाव सुधारा' असा कानाला लागतो. मग गोंधळ उडणारच.

दुसऱ्या अर्थासाठी आपल्याकडे चपखल शब्द आहे: रीत. तो मला सापडला संस्कृत काव्यशास्त्रात. 'रीति' म्हणजे मुळात वाट, जाण्याची पद्धत. वामन या काव्यशास्त्रकारानं 'रीतिरात्मा काव्यस्य' (रीत हा काव्याचा आत्मा) म्हटलं आणि तीन रीती सांगितल्या: वैदर्भी, गौडी, पांचाली. नावं नीट पाहा. एकही कवीच्या नावावरून नाही, तिन्ही प्रदेशांवरून आहेत. म्हणजे रीत एकट्याची नसते, मंडळींची असते. अभ्यासक्षेत्रांच्या बाबतीत तेच आहे. मानसशास्त्राची एक रीत, साहित्याच्या अभ्यासाची दुसरी, इतिहासाची तिसरी. वामनाला अर्थातच काव्याचे गुण अभिप्रेत होते, संदर्भसूचीतले स्वल्पविराम नव्हेत. तरी समूहाची वाट हा गाभा तोच राहतो. म्हणून अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) 'एपीए स्टाइल'ला मी 'एपीए शैली' न म्हणता 'एपीए रीत' म्हणेन, आणि तुमच्या मार्गदर्शकांचा शेरा 'रीत तपासा' असा वाचेन. असा वाचला की त्यातला डंख जातो. कुणी तुमच्या इंग्रजीला नावं ठेवत नाहीये. तुम्ही ज्या मंडळींत बसणार, त्यांची रीत पाहून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

ही रीत आली कुठून? अनेकांना वाटतं व्याकरणकारांकडून. खरं तर ती छापखान्यातून आली. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यात होरेस हार्ट यांनी 1893 मध्ये 24 पानांची पुस्तिका काढली, ती खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांसाठी आणि मुद्रितं वाचणाऱ्यांसाठी. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयातही प्राध्यापकांची हस्तलिखितं उलगडताना जुळारी आणि मुद्रितशोधक यांनी एक टिपणवही धरली होती. तिचंच 1906 मध्ये पुस्तक झालं, ते आजचं शिकागो मॅन्युअल हे नियमांचं पुस्तक. एपीएची सुरुवात तर 1929 मध्ये एका नियतकालिकातल्या सात पानी लेखानं झाली. एकच शब्द एकाच अंकात दोन तऱ्हांनी छापला जाऊ नये, ही त्यामागची साधी निकड होती. यातला कुठलाही नियम 'शुद्ध' इंग्रजीचा नाही. म्हणूनच दोन रीती परस्परविरुद्ध असूनही दोन्ही बरोबर असू शकतात.

आता एक नियम जवळून पाहू. समजा, तुम्ही अमुक नावाच्या लेखकाच्या 2015 सालच्या पुस्तकातल्या 42 व्या पानाचा हवाला देत आहात. एपीए रीतीत वाक्याच्या शेवटी येईल (अमुक, 2015, पृ. 42). साहित्याच्या अभ्यासात चालणाऱ्या एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) रीतीत येईल (अमुक 42). साल नाही, 'पृ.' नाही, स्वल्पविरामही नाही. शिकागोच्या टिपांच्या रीतीत कंसच नाही. ओळीवर चढवलेला छोटा आकडा आणि पानाखाली टीप.

ही नुसती टिंबा-स्वल्पविरामांची कटकट वाटते. पण साल कुठे आहे आणि कुठे नाही, हे थांबून बघा. मानसशास्त्रात निष्कर्ष जुना होतो. 1975 चा प्रयोग की 2015 चा, हे वाचकाला वाक्य संपायच्या आत कळायला हवं, म्हणून साल नावाला चिकटून येतं. कंसात लेखक आणि साल देण्याची ही तऱ्हा हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या 1881 च्या लेखापासून सुरू झाली असं मानतात, आणि तीही विज्ञानातूनच आली हे साहजिक आहे. साहित्याच्या अभ्यासकाला कविता जुनी झाली म्हणून फरक पडत नाही. त्याला ती ओळ कुठल्या पानावर आहे हे हवं, म्हणून तिथे पान. इतिहासकाराला एका वाक्यासाठी तीन दस्तऐवज आणि त्यांतल्या विसंगतीवर दोन ओळी लिहायच्या असतात. ते कंसात मावत नाही, म्हणून तळटीप. त्या त्या विषयाला काय मोलाचं वाटतं, ते त्याच्या कंसात दिसतं. हे कळलं की नियम घोकावे लागत नाहीत. मला तरी या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

मराठीतून इंग्रजीत जाताना आपला पाय नेमका कुठे अडखळतो, ते आता सांगतो. तुमच्या सात-आठ शेऱ्यांपैकी निम्मे तरी यांतले असतील.

देवनागरीत मोठी लिपी-छोटी लिपी हा भेद नाही, त्यामुळे कॅपिटल अक्षरं आपल्या डोळ्यांना टोचत नाहीत. एपीएच्या संदर्भसूचीत लेखाच्या शीर्षकात फक्त पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटलनं सुरू होतात. त्याच नोंदीत नियतकालिकाच्या नावातले मात्र सगळे महत्त्वाचे शब्द. एकाच ओळीत दोन नियम! झोटेरोसारखी आज्ञावली नोंदी आपोआप रचून देते, पण तिला दिलेलं शीर्षकच सगळं कॅपिटलांनी भरलेलं असेल, तर तिच्यावर विसंबू नका. ही तपासणी हातानंच करावी.

स्वल्पविराम. आपण 'वय, शिक्षण आणि उत्पन्न' असं लिहितो. 'आणि'च्या आधी स्वल्पविराम देत नाही. एपीए, एमएलए आणि शिकागो तिघांनाही त्या जागी 'अँड'च्या आधी स्वल्पविराम हवा असतो. मराठीला विरामचिन्हं मुळात 19 व्या शतकात इंग्रजीच्या संगतीनं मिळाली, मेजर कँडी या इंग्रज मराठीतज्ज्ञासारख्यांच्या हातून. पण आपण ती आपल्या बोलण्याच्या श्वासावर बेतली. इंग्रजी शोधनिबंधातला स्वल्पविराम श्वासावर चालत नाही, वाक्याच्या बांधणीवर चालतो.

आदर. हा मुद्दा नाजूक आहे. आपण 'डॉ. अमुक म्हणतात' लिहितो, आदरार्थी अनेकवचनासकट. इंग्रजी शोधनिबंधात नुसतं आडनाव येतं. पदवी नाही, 'सर' नाही, 'प्रोफेसर' नाही. स्वतःच्या मार्गदर्शकांचा लेख उद्धृत करताना विद्यार्थ्यांचा हात थांबतो, आणि ते नावामागे हळूच 'डॉ.' जोडतात. तो काढा. त्या रीतीत आडनाव आणि साल नोंदवणं हाच मान आहे. त्यांचं काम त्यांच्या नावावर राहिलं, हे महत्त्वाचं.

स्वतःचा उल्लेख. मराठी प्रबंधात 'प्रस्तुत संशोधकाने' असं लिहायची पद्धत आहे, तीच इंग्रजीत 'द प्रेझेंट रिसर्चर' होऊन उतरते. 'आय' किंवा 'वुई' लिहिणं असभ्य, अशी समजूत घट्ट बसलेली असते. एपीए याच्या नेमकं उलट सांगते: स्वतः केलेलं काम सांगताना प्रथमपुरुष वापरा, स्वतःला तृतीयपुरुषी करू नका. 'करण्यात आले' या आपल्या लाडक्या रचनेचं कर्मणी भाषांतरही असंच चोरपावलांनी येतं. कर्मणी प्रयोग वर्ज्य नाही. कर्ता बिनमहत्त्वाचा असेल तिथे तो शोभतोच. पण प्रश्नावली कुणी वाटली हे वाचकाला कळायला हवं असेल, तर तिथे कर्ता लपवू नये.

आणि आता ज्याला रीतही म्हणता येत नाही आणि शैलीही, असा एक भाग. 'धिस प्रूव्ह्ज' लिहिलं की परीक्षक लाल रेघ मारतात आणि 'सजेस्ट्स' सुचवतात. इंग्रजीत याला हेजिंग म्हणतात, शब्दशः कुंपण घालणं. भाषाविज्ञानात हा शब्द जॉर्ज लॅकॉफ यांनी 1972 च्या सुमारास रुळवला. मराठीत यासाठी 'हातचं राखून बोलणं' चटकन सुचतं, पण त्यात लपवाछपवीची छटा आहे, म्हणून मला ते पटत नाही. 'जपून विधान करणं' बरं. पुरावा जेवढा, तेवढंच म्हणायचं, हा त्याचा अर्थ.

यात मराठी माणूस कच्चा असायचं काही कारण नाही. आपल्या क्रियापदातच ही सोय आहे. सकाळी अंगण ओलं दिसलं तर आपण म्हणतो, 'रात्री पाऊस पडला असावा.' 'पडला' म्हणत नाही, 'पडला असेल'ही म्हणत नाही. 'असेल' हा अंदाज, 'असावा' हा खुणेवरून काढलेला तर्क. रोजच्या बोलण्यात आपण हा फरक सहज करतो. तेव्हा इंग्रजी वाक्य लिहायच्या आधी ते मनात मराठीत म्हणून पाहा. तिथे 'आहे' आलं तर ठाम क्रियापद घ्या; 'असावं' आलं तर 'सजेस्ट्स' किंवा 'अपिअर्स'; 'असू शकेल' आलं तर 'मे' किंवा 'कुड'. आणि एका वाक्यात एकदाच. 'मे पॉसिबली सजेस्ट' म्हणजे 'बहुधा कदाचित पडला असावा की काय'. असं आपण मराठीतही बोलत नाही.

'अ', 'अन' आणि 'द' या उपपदांच्या चुका मात्र रीतीत मोडत नाहीत. ते व्याकरण आहे. तिथे दुमत चालत नाही, आणि ते सुधारायला वेगळा, लांबचा सराव लागतो. शेरा त्यावर असेल तर हा सगळा ऊहापोह उपयोगाचा नाही.

शिकायचं कुठून? आधी मार्गदर्शकांना एवढंच विचारा: "आपल्या विभागात कुठली रीत चालते, आणि तिची कितवी आवृत्ती?" आवृत्तीनं फरक पडतो. एपीएची सध्याची आवृत्ती सातवी, 2019 ची. तिच्यात प्रकाशकाचं गाव लिहायची गरज उरलेली नाही; जुन्या प्रबंधावरून नक्कल केली तर ते गाव तुमच्या सूचीत येऊन बसेल. मग आपल्या विषयातला, त्याच रीतीतला एक चांगला लेख छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. आशय वाचू नका. फक्त कंस, टिंबं, कॅपिटलं, आकडे आणि इतरांच्या कामाबद्दल बोलताना आलेला काळ पाहा. एपीएत पूर्वीच्या संशोधनासाठी बहुधा भूतकाळ दिसेल, साहित्याच्या लेखात वर्तमानकाळ. दिसेल ते वहीत टिपा. शिकागोच्या जुळाऱ्यांनी हेच केलं होतं. जाडजूड मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. ते अडल्यावर उघडायचं पुस्तक आहे.

आता टिंब. 'एट अल.' हे लॅटिन 'एट आलिई'चं रूप, अर्थ 'आणि इतर'. 'एट' हा पूर्ण शब्द आहे, म्हणजे 'आणि'. त्यापुढे टिंब नाही. 'अल.' हा 'आलिई'चा संक्षेप. त्यापुढे टिंब, नेहमी, वाक्याच्या मध्येसुद्धा. एपीएच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखात पहिलं आडनाव आणि 'एट अल.' लिहायचं. दोनच लेखक असतील तर दोघांचीही नावं, दर वेळी. कंसात ती जोडायला 'अँड'चं चिन्ह (&), वाक्यात मात्र 'अँड' हा पूर्ण शब्द. आणि 'एट अल.' तिरपं करायचं नाही.