सूर्य डोक्यावर तोच, मग ऑगस्टात उकडत का नाही?

प्रश्न : मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी आम्ही गच्चीवर स्टीलचा उभा डबा ठेवून पाहिला. दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली डब्याखाली गडप झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य पुन्हा असाच डोक्यावर येतो म्हणे. माझी चौथीतली मुलगी विचारते, मग तेव्हा मेसारखं का उकडत नाही? मी म्हटलं, सूर्य लांब गेलेला असतो. तिला काही पटलं नाही. घरी काही करून दाखवता येईल का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, नाही पटलं तेच बरं झालं! सूर्य सर्वांत जवळ असतो तो ऐन थंडीत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात : सुमारे १४.७ कोटी किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, १५.२ कोटी. साताऱ्यात सूर्य डोक्यावर येतो १० मे आणि २ ऑगस्टच्या आसपास. या दोन दिवसांच्या अंतरात फरक अगदी किरकोळ. फरक आहे तो आपल्याकडच्या आभाळात आणि मातीत.

ढग बरंचसं ऊन वरच्या वर परतवतात, हे मुलीला सांगावं लागणार नाही. मातीचं मात्र करून दाखवा. सारख्या आकाराच्या दोन कुंड्यांत तीच कोरडी माती भरा. एकीला पाणी घालून निथळू द्या. ऑक्टोबरच्या उन्हात दोन्ही शेजारी ठेवा आणि दर अर्ध्या तासाने मातीत बोटाचं एक पेर खोल तापमान बघा. कोरडी माती चांगलीच तापेल, ओली मागे राहील, कारण तिथलं बरंच ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्च होतं. प्रयोगशाळेतला थर्मामीटर वापरा. तापाचा घालू नका, तो ४२ अंशांपुढे जात नाही.

मग हिवाळ्यात गारवा का, हा पुढचा प्रश्न येणारच. त्यासाठी माझा सर्वांत लाडका प्रयोग. पुठ्ठ्यात ३ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा आणि शेजारी एक टाचणी सरळ उभी टोचा. नाताळच्या सुट्टीत भर दुपारी सपाट जमिनीवर आलेखाचा कागद पसरा. पुठ्ठ्याची खालची कड कागदावर टेकवून, टाचणीची सावली नाहीशी होईपर्यंत पुठ्ठा कलवा. आता तो थेट सूर्याकडे तोंड करून आहे. (सूर्याकडे स्वतः बघायचं नाही, टाचणी आहे ना!) खिडकीतून आलेला उजेड कागदावर ३ बाय ४ सेंटिमीटरचा पडेल. म्हणजे ९ चौरस सेंटिमीटरचं ऊन १२ वर पसरलं. मेमध्ये हाच उजेड ३ बाय ३ भरतो. शिवाय डिसेंबरचा दिवसही लहान.

जोडीला गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. भर दुपारची तिची सावली २२ डिसेंबरला उत्तरेकडे साधारण ८७ सेंटिमीटर, २१ मार्चला ३२. आणि २१ जूनला चक्क दक्षिणेकडे, जेमतेम १० सेंटिमीटर. जूनमध्ये ऊन मिळालं तर ही खूण चुकवू नका. दुपारची सावली उत्तरेलाच पडते असं मोठी माणसंही पैजेवर सांगतात, आणि मुलीला पैज जिंकायला आवडेल.