वाचक विचारतात : नाताळ आणि शिबिरातली विनोदी नाटुकली

आमच्या मंडळीत नाताळच्या कार्यक्रमाला तरुण संघाला विनोदी नाटुकलं करायचं आहे. वडीलधारे म्हणतात, पवित्र शास्त्राची टिंगल होता कामा नये. मग कोणती गोष्ट घ्यावी?
— तरुण संघाचा एक सदस्य, दर्यापूर तालुका

वडीलधाऱ्यांची काळजी रास्त आहे आणि तिच्यावर उपायही सोपा आहे. येशूचं पात्र मंचावर आणू नका आणि हसू त्याने सांगितलेल्या दृष्टांतांतल्या, म्हणजे बोधकथांतल्या, माणसांचं येऊ द्या. ही माणसं तुमच्या-आमच्यासारखीच आहेत. झोपमोड झाली की वैतागतात, जेवायला बोलावलं की सबबी सांगतात. तिथे विनोद बाहेरून चिकटवावा लागत नाही.

आमची पहिली पसंती लूकच्या शुभवर्तमानातल्या 11:5-8 ला. मध्यरात्री एक जण मित्राचं दार ठोठावतो. घरी पाहुणा आलाय, वाढायला काही नाही, तीन भाकरी दे म्हणतो. आतला म्हणतो, दार लावलंय, लेकरं माझ्याजवळ झोपलीत, उठता येत नाही. एकाला भाकरी हवी, दुसऱ्याला झोप हवी, मधे एक दार. सात मिनिटांच्या नाटुकल्याला एवढं भांडण पुरतं. तिसरी भानगड आत आणली की दोन्ही सैल पडतात.

बहुतेक ठिकाणी हा प्रसंग एका गोष्टीने फसतो : झोपलेलं कुटुंब खरोखर जमिनीवर झोपवतात. लोक सतरंजीवर बसलेले असतात, त्यामुळे तिसऱ्या रांगेच्या मागे कुणालाच काही दिसत नाही. त्यासाठी उभं अंथरूण करा. बाप, माय आणि तीन लेकरं प्रेक्षकांकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून उभी राहतील. समोरून गळ्यापर्यंत एकच गोधडी, कडेचे दोघे तिची वरची टोकं आतून घट्ट धरतील. प्रत्येकाच्या डोक्यामागे हलकी उशी, शर्टाच्या कॉलरला दोन सेफ्टी पिनांनी अडकवलेली. डोळे मिटले आणि मान कलली की ते अंथरूणच वाटतं, शेवटच्या माणसालाही दिसतं.

ठोठावणं तीनदा, दर वेळी चढतं. पहिल्यांदा बाहेरचा दबक्या आवाजात हाक मारतो, बाप डोळे न उघडता उत्तर देतो आणि अख्खी रांग एकदम कूस बदलते. ही एकत्र कूस तालात बसली पाहिजे, म्हणून तालमीत 'एक-दोन-वळ' असं मोजून बसवा. दुसऱ्यांदा कडी वाजते, धाकटं पाणी मागतं, बाप गोधडीतून बाहेर येतो. तेवढ्यात बाकीचे सरकून त्याची जागा खातात. परत आल्यावर त्याला शिरायला फट नाही, आणि इथे तो एक शब्दही बोलणार नाही, फक्त रांगेकडे पाहील. तिसऱ्यांदा कुत्रं भुंकतं, शेजारी ओरडतो, सगळे जागे होतात. बाप टोपलं उचलून बाहेर देतो : "भाकरी घे, ठेचा घे, टोपलंच घे, पण आता झोपू दे बाप्पा!" दृष्टांतातही आग्रहामुळे त्याला हवं तितकं मिळतं, म्हणजे शेवट शास्त्राला धरूनच आहे. ती चार वचनं चर्चच्या पाळकांना आधी वाचायला सांगा. नाटुकलं झाल्यावर कुणी उभं राहून अर्थ समजावू नये. त्याने आलेलं हसूही जातं आणि अर्थही.

दुसरा पर्याय लूक 14:16-24, मोठी मेजवानी. एकाने शेत घेतलंय ते पाहायला जायचंय, एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात त्या पारखायच्यात, एकाने लग्न केलंय. शेतकरी गावात या सबबी आजच्याच वाटतात, त्यात भर घालायची गरज नाही. क्रम मात्र मोडू नका. पहिले दोघे निदान माफी मागतात, तिसरा माफीही न मागता 'लग्न केलंय, येता येत नाही' एवढंच सांगतो. सर्वांत छोटं वाक्य शेवटी आलंय, म्हणून सर्वांत मोठा हशा त्यालाच मिळतो.

गावच्या मंडपवाल्याचा लाऊडस्पीकर लावतो, तरी संवाद मागे कळत नाहीत आणि माईक शिट्ट्या मारतो. काय करावं?
— संडे स्कूलच्या शिक्षिका, चिखली तालुका

भोंग्यातून आवाज लांब जातो, पण जाड सूर गाळले जातात आणि लहान मुलांचा पातळ आवाज कानाला टोचतो. ॲम्प्लिफायरवर ट्रेबलचं बटण मधल्या खुणेच्या थोडं खाली घ्या. शक्य असेल तर भोंग्याऐवजी पेटीचे दोन स्पीकर मागा. शिट्टी येते कारण स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि तोच फिरून फिरून वाढतो. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला, तोंड लोकांकडे. मागे भिंतीला टेकवलेला स्पीकर शिट्टी मारणारच. मग आवाज कमी करावा लागतो आणि पुन्हा मागच्यांना ऐकू येत नाही.

दोनच माईक पुरतात, पण ते कुठे उभे करायचे हे नाटुकलं बसवतानाच ठरवा. वरच्या प्रसंगात एक माईक दाराशी आणि एक बापाच्या तोंडासमोर. म्हणजे बोलणारा आपोआप माईकपाशीच असतो, धावत माईककडे जावं लागत नाही. तोंडापासून अंतर चार बोटं ते एक वीत. दोन माईकमधलं अंतर त्याच्या किमान तिप्पट ठेवा, नाहीतर एकच आवाज दोन्हीकडून शिरून पोकळ होतो. नियम एकच पाळा : बोलताना हालचाल नाही, हालचाल करताना बोलणं नाही. वाक्य विसरणाऱ्याला आठवण करून देणारा माणूस माईकच्या मागच्या बाजूला बसवा. समोर बसवला तर त्याची कुजबुज अख्ख्या गावाला ऐकू जाते. दार ठोठावण्यासाठी लाकडी पाटावर लाटणं मारा आणि पाट माईकपासून हातभर ठेवा. तोंडाने केलेल्या 'टक टक'मध्ये जोर नसतो.

दीडशेपर्यंत लोक असतील तर माईक नकोच. त्यांना अर्धगोलात जवळ बसवा, नटांच्या मागे चर्चची किंवा शाळेची भिंत घ्या, आणि वारा नटांकडून लोकांकडे वाहील अशी बाजू निवडा. जनरेटर मंडपामागे जितका लांब नेता येईल तितका न्या. उजेडासाठी 50 वॅटचे दोन एलईडी फ्लड, दोन्ही कोपऱ्यांतून, आठ-दहा फुटांवरून तिरपे. पायाशी ठेवलेला दिवा चेहरे भुतासारखे करतो, आणि जिथे भुवयाच दिसत नाहीत तिथे हसू येत नाही. पावसाळ्यानंतर जंगलालगतच्या गावात किडे येतात. मंचावर पिवळा दिवा लावा आणि पांढरा प्रखर दिवा तीस-चाळीस फूट बाजूला, म्हणजे बरेच किडे तिकडे जातात.

रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे. शासन वर्षातल्या काही ठरावीक दिवसांना रात्री बारापर्यंत सूट देतं, त्याची यादी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. नाटुकलं कार्यक्रमाच्या शेवटी ठेवू नका. भाषणं लांबतात आणि कात्री नाटुकल्यावर पडते.

रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरात रोज रात्री काहीतरी करा म्हणतात. सामान नाही, तालमीला अर्धा तास मिळतो.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, आर्णी तालुका

पाठांतराच्या मागे लागू नका, शरीराचा खेळ करा. तीन प्रकार कुठल्याही शिबिरात चालतात.

अदृश्य बाक. एक जण हवेतच बसल्यासारखा बसतो. दुसरा विचारतो, कशावर बसला रे? बाकावर. तोही बसतो. असे चार. शेवटचा येऊन सांगतो, "बाक तं म्या सकाळीच तिकडं सरकवला," आणि सगळे पडतात. यात मांड्या लवकर भरून येतात, म्हणून सर्वांत दणकट मुलगा पहिला बसवा, कारण त्याला सगळ्यांत जास्त वेळ टिकायचं आहे. पाय खांद्याइतके रुंद, हात गुडघ्यांवर टेकलेले, आणि सगळा खेळ एका मिनिटात संपला पाहिजे. चारच्या वर माणसं घेतली की पहिला आधीच कोसळतो. मुरमाड जागा असेल तर खाली तणस आणि त्यावर ताडपत्री टाका.

मागचे हात. पुढचा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा, मागचा त्याच्या काखेतून आपले हात पुढे काढतो, दोघांवर एक चादर. आता हे 'एकच' माणूस तोंड धुतं, पावडर लावतं, केळं खातं, भाषण देतं. मागच्याला काही दिसत नाही, म्हणून पुढच्याने सतत बोललं पाहिजे : "आता मी केळं सोलतो... नाक नाही, तोंड खाली आहे." वस्तू एका ताटात ठरलेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. गरम चहा, वस्तरा, कात्री यांतलं काही नको. खायला मऊच द्या. शेंगदाणा घशात अडकतो आणि हात बांधलेल्या माणसाला स्वतःला काही करता येत नाही.

बादली. दोन सारख्या बादल्या, पहिल्यात खरं पाणी. भांडणात एक जण त्यातलं पाणी पेल्याने सगळ्यांसमोर पितो, दुसऱ्याच्या अंगावर थोडं उडवतो. झटापट टेबलामागे जाते, तिथे बादली बदलते. दुसरीत वर्तमानपत्राचे नखाएवढे तुकडे, आणि बाहेरून ती ओली केलेली. पाणी ठिबकताना दिसतं म्हणून फेकल्याबरोबर पुढच्या दोन रांगा किंचाळतात. आतला कागद ओला झाला की गोळा होऊन दगडासारखा लागतो, म्हणून आतून बादली कोरडी पुसा. फेक डोक्यांच्या वरून, तान्ही लेकरं बसलीत तिकडे अजिबात नाही. काही जण कागदाऐवजी मुरमुरे वापरतात. अन्न पायदळी जाईल असा विनोद करू नये, हे आमचं ठाम मत. कागदही रात्रीच झाडून घ्या.

आमच्या भागात लोक रात्रभर नाटक पाहतात. त्यांना सात मिनिटांचं नाटुकलं कमी नाही का वाटणार? आणि लोक हसले की आमचे नट गडबडतात.
— वाचक, ब्रम्हपुरी तालुका

झाडीपट्टीचा, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भाचा, प्रेक्षक जाणता आहे. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्यांनी त्याला गाणं, लावणी, विनोदी पात्र, रडवणारा प्रसंग, सगळं एकाच रात्रीत पाहायची सवय लावलीय. त्याची नक्कल सात मिनिटांत करायला जाऊ नका. हवं तर सुरुवातीला ढोलकीवर एक कडवं घ्या आणि लगेच विषयाला हात घाला. हाताने लिहिलेलं फुलस्केपचं एक पान सुमारे दोन मिनिटं घेतं. हशाची जागा धरून सात मिनिटांना तीन पानं पुरे. पाच पानं लिहून आणली असतील तर पहिलं पान काढून टाका. नाटुकली बहुधा दुसऱ्या पानावर सुरू होतात.

हशा आला की थांबायचं. तो शिगेला पोचून उतरू लागला, थोडा उरला असतानाच पुढचं वाक्य. पूर्ण शांततेची वाट पाहिली की खेळ थंडावतो, आणि हशातच बोललं की वाक्य वाया जातं. थांबलेल्या वेळात नटाने आहे त्याच अवस्थेत राहायचं, हात तिथेच, नजर तिथेच. हशा आला म्हणून तेच वाक्य पुन्हा म्हणू नये. स्वतःला हसू फुटत असेल तर समोरच्याच्या डोळ्यांऐवजी कपाळाकडे बघा. तालमीत दोन मित्रांना मुद्दाम चुकीच्या जागी हसायला बसवा, सवय होते.

प्रेक्षकांना प्रश्न विचारण्याची रीत विदर्भाला जुनी आहे. गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडीत लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढत. नाटुकल्यात एक-दोनदा असं करता येतं : "हा खरं बोलते का राजेहो?" मात्र लोक 'हो' म्हणोत की 'नाही', दोन्हींसाठी पुढचं वाक्य तयार ठेवा.

आमचे अर्धे प्रेक्षक कोरकू बोलतात, अर्धे वऱ्हाडी. भाषा कोणती वापरावी?
— वाचक, धारणी तालुका

शब्द निम्म्याने कमी करा आणि कोरकू बोलणाऱ्या एखाद्या मुलाला सूत्रधार करा. तो प्रत्येक प्रसंगाआधी दोन वाक्यांत कोरकूत सांगेल. नट एरवी बोलतात तेच बोलू द्या, 'मले', 'तुले', 'काहून'. मात्र वऱ्हाडी किंवा कोरकू बोलणारा तेवढा बावळट आणि पुस्तकी मराठी बोलणारा शहाणा, अशी वाटणी कधीही करू नका. लोक हसतीलही, पण ते स्वतःच्या घरच्या बोलीवर हसत असतील.

दारुड्याचं पात्र सगळीकडे चालतं. आमचे पाळक नको म्हणतात. त्यांचं बरोबर आहे का?
— वाचक, मूल तालुका

बरोबर आहे. समोरच्या रांगेत बसलेल्या एखाद्या लेकरासाठी ते पात्र म्हणजे रोज रात्रीचं घर असतं. तीच गोष्ट गळफासाच्या आणि विषाच्या बाटलीच्या विनोदाची. विदर्भातल्या कुठल्याही गावात तो करूच नये, कर्जबाजारी शेतकऱ्याची नक्कलही नको. तोतरेपणा, काळा रंग, जाडपणा, जात, विधवा, हेही सोडा. मुलाला साडी नेसवून नुसतं त्यावर हसवणं हा आळस आहे. खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्यात पुरुष स्त्रीपात्र करतात, ते चाल, नजर आणि गाणं कमावून करतात. तेवढी तयारी असेल तर करा.

हसवायला उरतं पुष्कळ : चिकटपणा, घाई, मोबाईलचं वेड, पाहुण्याचा आग्रह, भाषण न आवरणारा वक्ता. या खोड्या सगळ्यांत थोड्याथोड्या असतात. गावातल्या एका ठरावीक माणसाची हुबेहूब नक्कल करायचीच असेल तर त्याला आधी विचारा, आणि तो हो म्हणाला तरी त्याच्या घरच्यांनाही विचारा.

दाढी-मिशी आणि पांढरे केस घरच्या घरी कसे करावेत?
— वाचक, कारंजा तालुका

मिशी काजळाने काढा आणि वरून बोटाने पावडर थोपटा, नाहीतर घामाने ओघळते. लांबून दिसायला हवी तर खऱ्या मिशीपेक्षा दुप्पट जाड काढा. केस पांढरे करायला टाल्कम पावडर आधी ओल्या कंगव्यावर घ्या, मग विंचरा. नुसती भुरभुरली तर पहिल्याच झटापटीत ढग उडतो आणि माईकसमोर शिंका येतात. खोटी दाढी चिकटवायला स्पिरिट गम मोठ्यांनाच लावा. लहान मुलांच्या कातडीला त्याची आग होते, त्यांच्यासाठी काळ्या कापडाची दाढी इलॅस्टिकने कानांत अडकवा. उतरवताना खोबरेल तेल लावून दोन मिनिटं थांबा, मग कापसाने वरून खाली पुसा आणि शेवटी साबण लावून धुवा.