परदेशातून मुंबईत आलेल्या कुटुंबातला कोणता हॉटेलमालक तुमच्या कायम लक्षात राहिला, आणि का?

बोमन कोहिनूर. बॅलार्ड इस्टेटमधल्या 'ब्रिटानिया अँड कंपनी'चे मालक. २५ सप्टेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९७व्या वर्षी ते गेले. मी त्याच भागात एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला होतो. कस्टमची कामं उरकली की दुपारच्या जेवणाला 'ब्रिटानिया' गाठायची सवय लागली, आणि पगार बेताचा असतानाही ती सुटली नाही.

त्यांचे वडील रशीद कोहिनूर इराणमधून आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून याझ्द आणि केरमान भागातली जरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माची, माणसं गरिबीला आणि धर्मावरून होणाऱ्या जाचाला कंटाळून मुंबईची वाट धरत होती. पारशी त्यांच्या कितीतरी शतकं आधी गुजरातेत येऊन रुजले होते. हे इराणी मागाहून आले, बहुतेक रिकाम्या हातानं. मग कुणी पारशी घरांत नोकरी धरली, कुणी चहाचं दुकान थाटलं. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून आपले दुकानदार घेत नसत, त्या जागा इराण्यांनी घेतल्या असं सांगतात.

रशीद शेठनी हॉटेल काढलं १९२३ साली. समुद्रात भर घालून पोर्ट ट्रस्टनं उभारलेलं बॅलार्ड इस्टेट तेव्हा नवंकोरं होतं, आजूबाजूला सगळी साहेबांची ऑफिसं. नाव 'ब्रिटानिया' ठेवलं म्हणून परवाना झटपट मिळाला, हा किस्सा बोमन अंकल रंगवून सांगायचे. गिऱ्हाईक गोरं, म्हणून जेवणही बेताच्या तिखट-मिठाचं. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच इंग्रज सरकारच्या लष्करानं ही जागा आपल्या कामासाठी ताब्यात घेतली.

बोमन अंकलचं नाव निघालं की बहुतेक लोक इंग्लंडच्या राणीबद्दल बोलतात. राणीकडून आलेलं पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांनी जपलं होतं, टेबलाटेबलाशी ते दाखवायचे. २०१६च्या एप्रिलमध्ये प्रिन्स विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा ताजमध्ये बोमन अंकलची त्यांच्याशी भेट झाली आणि अंकल जगभर गाजले. मला त्यांचं हे राणीप्रेम कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. पण ज्या बापाला स्वतःच्या मुलखात धड जगता आलं नाही, त्याला ज्या राजवटीत चार भिंती आणि एक गल्ला मिळाला, तिच्याबद्दल मुलाला काय वाटत असेल, हेही मला कळतं.

माझ्या लेखी मात्र त्या हॉटेलची खरी गोष्ट बचनबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची आहे. १९८२ साली 'ब्रिटानिया'त बेरी पुलाव सुरू झाला तो त्यांच्यामुळे. इराणमधला झेरेश्क पोलो, म्हणजे बारीक आंबट फळं घातलेला पुलाव, त्यांच्या हाताला ठाऊक होता, त्याला त्यांनी मुंबईच्या जिभेला रुचेल असा मसाला दिला. ताटली समोर आली की वर खमंग तळलेला कांदा, काजू, छोटे कबाब आणि त्यांत विखुरलेली बारीक लालभडक फळं. ही फळं इराणहून येतात, वाळवलेली, आणि चव आमसुलाच्या जवळची. चमचा आत घातला की भाताखालचं मऊ मटण लागतं. तिखट, तुपकट घासात मध्येच ते आंबट फळ दाताखाली येतं, तिथे या पदार्थाची सगळी गंमत आहे. मूळ इराणी पुलाव मी एका ओळखीच्या घरी खाल्लाय. तो सौम्य, केशराच्या वासाचा. छान होता, पण मला बचनबाईंचाच आवडतो.

म्हणजे बघा, सासऱ्यांनी आणलं ते नाव आणि जागा. गोरं गिऱ्हाईक निघून गेल्यावर, आजूबाजूचे इराणी एकेक करून शटर ओढत असताना हे हॉटेल तगलं, ते सुनेनं आणलेल्या चवीवर. बोमन अंकल ही गोष्ट लपवत नसत. पुलाव आवडला असं म्हटलं की त्याचं श्रेय ते बायकोला देत, त्या गेल्यानंतरही. नव्वदी ओलांडल्यावरही ते जाड भिंगांचा चष्मा लावून, वाकून, टेबलाशी येऊन स्वतः ऑर्डर घ्यायचे. गोड फ्रेश लाइम सोडा घ्याच, असा आग्रह. एकदा माझ्या शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं, त्यातली छोटी मुलगी काही खायला तयार नव्हती. बोमन अंकल खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले, शाळेबद्दल विचारत राहिले. तिच्यासमोर कॅरमल कस्टर्ड आलं आणि तिनं पहिला चमचा तोंडात घातला, तेव्हा कुठे ते उठले. मागे निदान चार टेबलं खोळंबली होती. कुणी तक्रार केली नाही.

मुलं मोठी होऊन धंद्यात आली तरी त्यांनी फेऱ्या मारणं सोडलं नाही. एवढ्या मोक्याच्या जागी रात्रीचा धंदाही सहज झाला असता, पण तेव्हा हॉटेल दुपारपुरतंच उघडं असायचं आणि रविवारी बंद. अशा घरच्या धंद्यात कुटुंबाला वेळ मिळायचा तो असाच, असं मला वाटतं.

तुम्ही गेलात तर मटण बेरी पुलाव मागवा, सोबत पालनजीचा रासबेरी सोडा. बाराच्या आसपास पोहोचा, नंतर रांग लागते. आणि तिथे कुणाशी बोलणं निघालंच, तर राणीच्या आधी बचनबाईंबद्दल विचारा.