सुनेचे पणजोबा ‘ऑस्ट्रिया’हून शिकागोला: गाव शोधायचं कुठून

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सुनेचे पणजोबा १९०९ च्या आसपास शिकागोला आले. कागदांवर कुठे ऑस्ट्रिया, तर कुठे गॅलिशिया लिहिलंय. आडनाव मात्र पक्कं पोलिश. घरात सांगतात की एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावरच्या, साहेबाने नाव बदललं. पोलंडच्या संकेतस्थळांवर आडनाव टाकलं की ढिगाने निकाल येतात आणि त्यातला आपला कोण ते समजत नाही. माझं सासर मिलवॉकीचं आणि पोलिश, आधी घरच्यांसाठी आणि मग ओळखीपाळखीच्यांसाठी हे उद्योग बरेच केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तूर्त पोलंडची संकेतस्थळं बंद करा. गाव कळल्याशिवाय तिथे काही हाती लागत नाही, आणि गावाचं नाव बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच कुठल्यातरी कागदावर पडलेलं असतं. सगळे नेमकं उलट करतात. आडनाव पोलंडभर शोधतात, एखादा बरोब्बर नावाचा माणूस दिसतो, आणि तोच आपला म्हणून वंशवृक्षात चिकटवतात. अशी दुसऱ्याच्या आजोबांची झाडं इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत.

ऑस्ट्रियाचं कोडं सोपं आहे. पणजोबा निघाले तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता, तो परत उभा राहिला १९१८ साली. गॅलिशिया हा ऑस्ट्रियाच्या वाट्याचा भाग: क्राकूफ, टार्नुफ, झेशुफ ते पार ल्वुफपर्यंत. (स्पेनमध्येही एक गॅलिशिया आहे. एका गृहस्थांनी बरेच महिने तिकडे शोध घेतला होता, म्हणून सांगते.) त्यामुळे कागदावर ऑस्ट्रिया असणं तुमच्या पथ्यावरच पडतं, तीनपैकी दोन साम्राज्यं बाद झाली.

आता अमेरिकेतले कागद. १९१० च्या जनगणनेपासून सुरुवात करा. त्यात जन्मस्थानाच्या रकान्यात पुष्कळदा ‘ऑस्ट्रिया-पोलिश’ असा संक्षेप असतो आणि अमेरिकेत आल्याचं वर्षही असतं. वर्षावर फार विसंबू नका, एक-दोन वर्षं इकडेतिकडे असतातच. घरात राहणारे भाडेकरू मात्र नीट पाहा. पोलिश घरांमध्ये दोन-तीन ‘बोर्डर’ असायचेच आणि ते सहसा गावाकडचे किंवा मेव्हणे-भाचे निघतात. तुमच्या पणजोबांच्या कागदावर गाव नसेल तर त्यांच्या मेव्हण्याच्या कागदावर असतं. निम्मी कोडी अशी सुटतात.

मग जहाजाची प्रवासी यादी, म्हणजे मॅनिफेस्ट. १९०७ नंतरच्या याद्या दोन पानांवर पसरलेल्या असतात. डाव्या पानावर नाव, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का, नागरिकत्व (इथे ऑस्ट्रिया), वंश (इथे पोलिश), शेवटचं वास्तव्य, आणि सगळ्यात मोलाचा रकाना: मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता. ‘बाप यान (हे पोलिश नाव), अमुक गाव, गॅलिशिया’ एवढी एक ओळ मिळाली की अर्धं काम झालं. उजव्या पानावर तिकिटाचे पैसे कोणी भरले, खिशात किती डॉलर आहेत, पूर्वी कधी अमेरिकेत होतात का, कोणाकडे चाललात, तुम्ही बहुपत्नीवादी आहात का, अराजकवादी आहात का (हो, खरंच विचारायचे), उंची, केसांचा रंग आणि अगदी शेवटी जन्मगाव. लोक पहिलंच पान उतरवून घेतात आणि दुसरं विसरतात. जन्मगाव दुसऱ्या पानावर असतं!

‘पूर्वी कधी होतात का’ हा रकानाही सोडू नका. हे लोक एकदाच आले असं नाही. चार वर्षं कत्तलखान्यात किंवा पोलादाच्या कारखान्यात राबायचं, पैसे घेऊन गावी जायचं, जमिनीचा तुकडा घ्यायचा, पुन्हा यायचं, असं पुष्कळांनी केलं. कायमचे परत गेलेलेही खूप. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन-तीन याद्या मिळू शकतात, आणि पहिल्या यादीत बायको गावी असेल तर तिचंही नाव येतं.

एलिस आयलंडवर नाव बदललं ही कथा प्रत्येक घरात आहे आणि जवळपास कुठेच खरी नाही. यादी तयार व्हायची ती युरोपातल्या बंदरात, जहाज कंपनीच्या कारकुनाच्या हातून. न्यूयॉर्कचा निरीक्षक ती समोर ठेवून टिकमार्क करायचा. नावं बदलली ती नंतर: फोरमनने, शाळामास्तरने, नाहीतर स्वतःच. ब्रेमेनच्या जर्मन कारकुनाने कानाने ऐकून स्पेलिंगची वाट लावलेली असते ती गोष्ट वेगळी. मधून तिरकी रेघ मारलेला पोलिश ‘एल’ त्याला ‘व’सारखा ऐकू येणार, गावाच्या नावातला ‘श्च’ तो एका ‘श’वर भागवणार. म्हणून शोधताना आडनावाची फक्त पहिली दोन-तीन अक्षरं, वय आणि वर्ष टाकून बघा. पहिल्या नावाचंही तसंच. अमेरिकेतला अल्बर्ट किंवा जॉर्ज हा मुळात वोय्चेख असू शकतो. स्टॅन्ली म्हणजे स्तानिस्वाव, वॉल्टर म्हणजे व्वादिस्वाव किंवा वात्स्वाव, चेस्टर म्हणजे चेस्वाव. बायकांमध्ये हॅरिएट किंवा हॅटी म्हणजे यादविगा, स्टेला म्हणजे स्तानिस्वावा. मॅनिफेस्टवर अल्बर्ट शोधत बसाल तर जन्मात सापडणार नाही.

हॅम्बुर्गहून निघाले असतील तर १८५० ते १९३४ च्या तिथल्या याद्या शाबूत आहेत. ब्रेमेनच्या बहुतेक गेल्या. काही जागा नाही म्हणून त्यांनी स्वतःच नष्ट केल्या, काही युद्धात गेल्या. आणि सगळे न्यूयॉर्कलाच उतरले असंही नाही, बाल्टिमोरला उतरून रेल्वेने थेट पश्चिमेकडे गेलेले भरपूर आहेत. एलिस आयलंडच्या यादीत नाही म्हणून हताश होऊ नका.

त्यानंतर नागरिकत्वाची फाइल. इथे तुमचं नशीब चांगलं आहे, कारण सप्टेंबर १९०६ पासून लागू झालेल्या कायद्यानंतर अर्जात जन्मतारीख, जन्मगाव, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख, बायकामुलांची नावं हे सगळं यायला लागलं. त्याआधीच्या अर्जांत ‘ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा प्रजाजन’ एवढ्यावर बोळवण असे. पणजीची वेगळी फाइल शोधू नका. १९२२ पर्यंत नवऱ्याला नागरिकत्व मिळालं की बायकोला आपोआप मिळत होतं. पणजोबा नागरिक झालेच नाहीत असं निघालं तर १९१७-१८ ची सैन्यभरतीची नोंदणी कार्डं आहेत, ती परदेशी लोकांनाही भरावी लागत. तरुण आणि सडेफटिंग असतील तर पहिल्या महायुद्धातल्या जनरल हालर यांच्या पोलिश सेनेत नाव दिलं होतं का तेही पाहा. अमेरिकेतून वीस हजारांवर पोलिश स्वयंसेवक त्यात गेले. त्यांच्या भरतीच्या कागदांवर पोलंडमधल्या नातेवाइकाचा पत्ता असतो, आणि ते कागद शिकागोच्याच पोलिश म्युझियम ऑफ अमेरिकामध्ये आहेत.

शिकागो म्हटल्यावर चर्च आलंच. नोबल स्ट्रीटवरचं सेंट स्टॅनिस्लॉस कोस्तका १८६७ पासूनचं, तिथल्या पोलिश वस्तीचं मूळ पीठच म्हणा. कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, विवाह परवान्यावर साधारण नावं-वयंच असतात, चर्चच्या विवाहनोंदीत मात्र मुलामुलीचं मूळ गाव किंवा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) लिहिलेलं असू शकतं. लग्न कुठल्या पॅरिशमध्ये लागलं ते आधी ठरवा, आणि वधूची पॅरिश धरा. लग्न साधारण तिच्याकडेच लागायचं, आपल्यासारखंच. शिवाय १८७३ ची पोलिश रोमन कॅथलिक युनियन आणि १८८० ची पोलिश नॅशनल अलायन्स या संस्था सभासदांचा विमा उतरवायच्या, ते विम्याचे कागदही शोधा. ‘जेन्निक शिकागोस्की’ या दैनिकात मृत्यूच्या बातम्या यायच्या, त्यात कधी कधी गाव, तालुका, सगळं.

समजा गाव मिळालं. लगेच उड्या मारू नका. डोंब्रोवा आणि नोवा व्येश नावाची गावं पोलंडमध्ये किती आहेत याची गणती नाही. सोबत पोव्यात, म्हणजे जिल्हा, आणि त्या गावाची पॅरिश कुठली हे पाहिजे, कारण लहान गावाला स्वतःचं चर्च नसतंच. १८८० ते १९०२ दरम्यान छापलेला एक मोठा भौगोलिक कोश आहे, पोलंडच्या जुन्या भूभागातलं गावन् गाव त्यात आहे आणि तो ऑनलाइन फुकट बघता येतो. मॅनिफेस्टवर टार्नुफ लिहिलं असेल तर ते बहुधा जवळचं मोठं गाव किंवा जिल्हा समजा, जन्मगाव नव्हे.

गॅलिशियाच्या नोंदी वाचायला मला सगळ्यात आवडतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या असतात ना, ते काम तिकडे पॅरिशच्या रजिस्टरने केलंय, फक्त ते सरकारी नमुन्यात. १७८४ मध्ये सम्राट योझेफ दुसरा याने नमुना ठरवून दिला: लॅटिनमध्ये, रकाने पाडून, पॅरिशमधल्या प्रत्येक गावाचं वेगळं पुस्तक. जन्माच्या पानावर डावीकडे जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख, मग घराचा नंबर, बाळाचं नाव, धर्म, मुलगा की मुलगी, औरस की अनौरस, मग आईबाप, शेवटी धर्ममातापिता आणि त्यांचा दर्जा. पुढच्या काळातल्या नोंदींत आईबापांच्या आईबापांचीही नावं असतात. म्हणजे एका ओळीत तीन पिढ्या. पुष्कळ नोंदींत सुईणीचंही नाव सापडतं. बापाच्या नावापुढे ‘आग्रिकोला’ असेल तर शेतकरी, ‘इंक्विलिनुस’ असेल तर दुसऱ्याच्या घरात राहणारा भूमिहीन. पहिल्या नोंदीत आग्रिकोला असलेला बाप चौथ्या मुलाच्या वेळी इंक्विलिनुस झालेला दिसला, की थोरला मुलगा शिकागोला का गेला ते वेगळं सांगावं लागत नाही. जमीन सगळ्या मुलांत वाटायची पद्धत, त्यामुळे बहुतेक शेतं पाच हेक्टरांच्या आतच होती.

घराचा नंबर सोडू नका. एका गावात एकाच नावाचे तीन यान असतात, त्यांना वेगळं करायला नंबराशिवाय काही नाही. आणि १९०८ नंतर लग्न दुसरीकडे झालं तर ते बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचा नियम आला. त्यामुळे जन्माच्या नोंदीशेजारी समासात बारीक अक्षरात ‘शिकागोत अमुक साली विवाह’ अशी लॅटिन टीप असू शकते. ती मिळाली की माणूस तोच, वाद संपला.

हे बघायचं कुठे? पोलिश वंशावळ संघटनेचं ‘गेनेतेका’ ही स्वयंसेवकांनी केलेली सूची, सरकारी दफ्तरांचं ‘शुकाय व आर्खिवाख’, आणि फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ. गेनेतेकामध्ये वॉर्सोकडचा भाग भरघोस आहे, गॅलिशियाचा तुटपुंजा, म्हणून तिथे नाव नाही याचा अर्थ नोंद नाही असा घेऊ नका. गाव आजच्या युक्रेनच्या बाजूला असेल तर पुस्तकं वॉर्सोच्या मध्यवर्ती जुन्या दफ्तरखान्यात, आगादमध्ये, असण्याची शक्यता आहे.

ज्यांचे पूर्वज गॅलिशियाचे नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. रशियाच्या भागात १८६८ पासून नोंदी रशियनमध्ये, गोष्ट सांगितल्यासारख्या सलग लिहिलेल्या, तारखा दोन-दोन, जुन्या आणि नव्या पंचांगाच्या, बारा (१९०० पासून तेरा) दिवसांच्या फरकाने. प्रशियाच्या भागात ऑक्टोबर १८७४ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी जर्मनमध्ये. पोझनानकडचे असाल तर ‘पोझनान प्रोजेक्ट’ ही एकोणिसाव्या शतकातल्या लग्नांची सूची आधी उघडा.

प्रवासाबद्दलही विचारलं होतंत. गॅलिशियाचे लोक क्राकूफ-ओश्व्येंचिमवरून रेल्वेने प्रशियाची हद्द ओलांडून हॅम्बुर्ग-ब्रेमेनला जायचे, बरेच जण अमेरिकेतल्या भावाने पाठवलेल्या ‘शिफकार्ता’वर, म्हणजे आधीच पैसे भरलेल्या तिकिटावर. ओश्व्येंचिम हे एजंटांचं ठाणंच होतं. त्यांच्या लुबाडणुकीवर १८८९-९० मध्ये वादोवित्सेला मोठा खटला चालला. त्यात निघालं की शेतकऱ्यासमोर गजराचं घड्याळ वाजवून ‘अमेरिकेच्या सम्राटाला तार केली, तो तुला घ्यायला तयार आहे’ असं सांगून पैसे उकळत. तुमच्या पणजोबांच्या वेळेपर्यंत गावातले निम्मे लोक जाऊन आलेले असल्याने असल्या थापा खपत नसाव्यात.

तिकडे राहिलेल्या भावंडांचे वंशज शोधणं जास्त चिवट काम आहे. जन्मनोंदी १०० वर्षं आणि विवाह-मृत्यूच्या ८० वर्षं स्थानिक नोंदणी कार्यालयात बंद असतात, नातं सिद्ध केलंत तरच उतारा मिळतो. म्हणून पणजोबांच्या सगळ्या भावंडांची यादी करा, बहिणींची लग्नानंतरची आडनावंही, आणि मग थडगी बघा. तिकडे थडग्याची जागा वीस-वीस वर्षांच्या भाड्याने असते. म्हणजे थडगं टिकलेलं असेल तर त्याचे पैसे भरणारं कोणीतरी बहुधा आजही आहे. पॅरिशच्या फादरना पोलिशमध्ये छोटं, नम्र पत्र लिहा, पोस्टाने. एकदम दहा प्रश्न विचारू नका, एकच विचारा.

कोणीतरी वळिवड्याच्या कॅम्पमधल्या पोलिश कुटुंबांचं विचारलंय. ती गोष्ट पूर्ण वेगळी. १९४०-४१ मध्ये सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेले हे लोक इराणमार्गे आले. कोल्हापूरजवळ १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार जण होते आणि त्यानंतर ते जगभर पांगले. त्यांचा शोध हद्दपारीच्या याद्यांपासून सुरू होतो, एलिस आयलंडपासून नाही. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे लिहीन.

ताई, तुम्ही आधी १९१० ची जनगणना आणि मॅनिफेस्टची दोन्ही पानं काढा. गावाचं नाव वाचता आलं नाही तर तेवढाच रकाना कापून न टाकता अख्खं पान इथे टाका. त्याच कारकुनाने त्याच पानावर दुसरीकडे ते अक्षर कसं काढलंय ते बघूनच वाचावं लागतं.