सॅकचा आकडा सगळ्यात शेवटी बघा : डिफेन्सिव्ह टॅकलबद्दल वाचकांचे प्रश्न

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्टबद्दल, म्हणजे टीम पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याबद्दल, आलेल्या प्रश्नांमध्ये या वेळी डिफेन्सिव्ह टॅकलचे प्रश्न भरपूर आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद झालाय, कारण पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल सगळेच बोलतात, डिफेन्सच्या लाइनमध्ये मधे उभ्या असलेल्या त्या दीडशे किलोच्या पोरांबद्दल फारसं कोणी विचारत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : कॉलेजमधल्या एखाद्या टॅकलचे अख्ख्या सीझनमध्ये दोन-तीनच सॅक असतात तरी तो पहिल्या राउंडमध्ये जातो, आणि आठ-नऊ सॅकवाला मागे राहतो. असं का? आणि नवीन माणसाने मॅच बघताना नेमकं बघायचं तरी काय?

उत्तर : सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला बॉल टाकायच्या आत खाली पाडणं (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा), आणि टॅकलच्या बाबतीत हा आकडा फार फसवतो. एक तर कॉलेजमध्ये बॉल लगेच सुटतो, स्क्रीन पास आणि छोटे पास इतके असतात की टॅकलने गार्डला, म्हणजे समोरच्या ब्लॉकरला, साफ हरवलं तरी तो पोचेपर्यंत क्वार्टरबॅकचा हात रिकामा झालेला असतो. आणि दुसरं म्हणजे त्याला काम काय दिलं होतं हे आकड्यात कुठेच दिसत नाही. काही कोच सांगतात की समोरचे दोन ब्लॉकर स्वतःवर घे आणि जागेवरून हलू नकोस, म्हणजे लाइनच्या मागे उभा असलेला डिफेन्सचा लाइनबॅकर मोकळा राहील, आता असं काम करणाऱ्या पोराच्या नावावर सॅक येणार कुठून?

क्रिस जोन्सचं बघा. मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीत 2015 च्या शेवटच्या सीझनला त्याचे अडीच सॅक होते, 2016 च्या ड्राफ्टमध्ये तो 37 व्या नंबरवर, म्हणजे दुसऱ्या राउंडमध्ये कॅन्सस सिटीकडे गेला, आणि 2018 मध्ये त्याने साडेपंधरा सॅक केले, 2022 मध्ये परत तेवढेच. अडीच सॅकच्या त्या सीझनमध्येसुद्धा तो गार्डला मागे ढकलत क्वार्टरबॅकच्या पायापर्यंत नेत होता, फक्त शेवटचा हात पोचत नव्हता. स्काउट लोक, म्हणजे टीमसाठी खेळाडू पारखणारे, याला प्रेशर म्हणतात आणि मी सॅकच्या आधी नेहमी प्रेशर बघतो, म्हणजे किती वेळा क्वार्टरबॅकला जागा सोडावी लागली, घाईत टाकावं लागलं.

आता बघायचं काय. स्नॅप होताना, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू होताना, बॉलकडे बघूच नका, टॅकलकडे बघा. बॉल हलल्याबरोबर तो हलतो की बाजूचे हलल्यावर हलतो? पहिल्या पावलात तो लाइन ओलांडून पलीकडे गेला की आहे तिथेच उभा झाला? उभा झाला की संपलं, कारण या जागेवर ज्याचे खांदे खाली तो जिंकतो, याला पॅड लेव्हल म्हणतात आणि ते कुस्तीसारखं आहे, वर उठलेल्या पैलवानाला कोणीही उचलतं. म्हणूनच शाळेत रेसलिंग केलेला टॅकल दिसला की स्काउट खूश होतात, 2025 मध्ये पाचव्या नंबरवर क्लीव्हलँडने घेतलेला मिशिगनचा मेसन ग्रॅहम तसाच, शाळेत रेसलिंग करून आलेला.

मग डबल टीम बघा, आणि इथे जरा वेळ घालवा, कारण माझ्या मते अर्धं उत्तर इथेच मिळतं. गार्ड आणि त्याच्या शेजारचा, लाइनच्या मधोमधचा सेंटर दोघं मिळून एकाला ढकलतात तेव्हा चांगला टॅकल एक गुडघा टेकवेल, कमरेतून वळेल, दोघांच्या मधे खांदा घालेल पण मागे जाणार नाही. कच्चा टॅकल तीन यार्ड मागे लाइनबॅकरच्या अंगावर जातो आणि बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला दरवाजाच उघडून मिळतो. मागे जाणारा टॅकल थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, जिथे बहुतेक पासच येतो) कितीही चमकला तरी पहिल्या दोन डाउनला कोच त्याला बाहेर बसवणार, आणि मग तुम्ही अर्ध्या मॅचचा खेळाडू पूर्ण किमतीत घेतलात असं होतं.

हात सगळ्यात शेवटी, पण विसरू नका. ब्लॉकरच्या छातीवर आधी कोणाचे हात पोचले, आणि पहिली मूव्ह अडली तर दुसरी आहे का. कॉलेजमध्ये नुसत्या ताकदीवर भागतं, कारण समोरचा गार्ड बऱ्याचदा एकोणीस-वीस वर्षांचं पोर असतं, पण एनएफएलमध्ये तिथे तिशीचा बाप्या असतो आणि त्याने ही मूव्ह आधी पाचशे वेळा बघितलेली असते.

प्रश्न : कम्बाइनमधल्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमधल्या, आकड्यांना किती मानायचं? दीडशे किलोचा माणूस चाळीस यार्ड किती सेकंदात पळाला याचा मॅचशी काय संबंध?

उत्तर : चाळीस यार्डाचा थेट संबंध फारसा नाहीच, टॅकल मॅचमध्ये चाळीस यार्ड सरळ पळतो कधी? पण पहिल्या दहा यार्डांचा वेळ वेगळा मोजतात, तो मात्र मी आवर्जून बघतो, कारण उठून निघण्याचा स्फोट तिथे दिसतो. बेंच प्रेसला 225 पाउंड म्हणजे साधारण 102 किलो जितक्या वेळा उचलतील तितकं मोजतात, त्यात दमही कळतो आणि हाताची लांबीही मधे येते, लांब हातवाल्याला बार जास्त अंतर उचलावा लागतो, म्हणून त्यावरून ताकद ठरवू नका.

दोन उदाहरणं देतो. मेम्फिसचा डॉन्टारी पो 2012 मध्ये इंडियानापोलिसच्या कम्बाइनला 346 पाउंड वजनाने आला, चाळीस यार्ड 4.98 सेकंदात पळाला, बेंचला 44 वेळा उचललं, आणि लोक म्हणाले हा फक्त जिममधला हिरो, कारण कॉलेजमधली कामगिरी साधी होती. कॅन्सस सिटीने त्याला अकराव्या नंबरवर घेतलं आणि 2013 आणि 2014 दोन्ही वर्षी तो प्रो बोलला, म्हणजे एनएफएलच्या निवडक खेळाडूंच्या मॅचला, निवडला गेला. दुसरं, जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस, 2022 मध्ये 341 पाउंडचा, साडेसहा फुटी, आणि वेळ 4.78 सेकंद. एवढ्या वजनाला असा वेग बघून लोक थक्क झाले आणि फिलाडेल्फियाने दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून तेराव्या नंबरपर्यंत वर चढून त्याला उचललं. पण जॉर्जियात तो बहुतेक रनच्या डाउनला मैदानात असायचा आणि पासच्या डाउनला बरेचदा बाहेर, मग फिलाडेल्फियात पहिली काही वर्षं तो मुख्यतः रन थांबवणारा म्हणूनच राहिला यात नवल काय? वेग खरा होता, पण तो वेग पास रशमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाताना, वापरलेला फिल्मवर (मॅचच्या रेकॉर्डिंगवर) फार कमी दिसला होता.

म्हणून माझा क्रम असा, आधी फिल्म बघा, मग कम्बाइनचा आकडा बघा, आणि आकडा फिल्मशी जुळला नाही तर परत जाऊन फिल्म बघा.

प्रश्न : "हात छोटे आहेत", "उंची कमी आहे" असं दर वर्षी कोणाबद्दल तरी ऐकतो. एवढा फरक खरंच पडतो का?

उत्तर : पडतो, पण तो सगळ्यांना सारखा पडत नाही. लांब हातवाला आधी पकडतो आणि ब्लॉकरला अंगापासून लांब ठेवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची गॅप, म्हणजे ब्लॉकरमधली फट, सांभाळणाऱ्या टॅकलला लांब हात हवेतच. पण जो एकाच गॅपमधून तीरासारखा आत घुसतो त्याला कोणी पकडायच्या आतच तो पलीकडे गेलेला असतो, तिथे लांबीची भरपाई पहिल्या पावलाने होते.

एरन डोनाल्डचं नाव इथे घ्यावंच लागतं. पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीचा, जेमतेम सहा फूट एक इंच, 285 पाउंड, 2013 मध्ये 11 सॅक करून आणि बॉलवाल्याला लाइनच्या मागे 28.5 वेळा पाडून आला, कम्बाइनला 4.68 सेकंद पळाला, आणि तरी 2014 मध्ये तेराव्या नंबरपर्यंत खाली आला कारण "साइज नाही". पुढे तीन वेळा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर झाला, 2017, 2018 आणि 2020. पण यातून लोक चुकीचा धडा घेतात, आता प्रत्येक बुटका टॅकल नवा डोनाल्ड असतो! डोनाल्ड डबल टीमलाही उभा राहायचा आणि हाताचं कसब असं की गार्डचे हात पोचायच्या आत झटकलेले असायचे. त्याच युनिव्हर्सिटीचा कॅलायजा कॅन्सी 2023 मध्ये 281 पाउंडचा, हात 31 इंचांहून कमी, वेळ 4.67 सेकंद, टॅम्पा बेने एकोणिसाव्या नंबरवर घेतला. चांगला पास रशर आहे, पण रनला त्याच्यावर दोघं आले की वजन कमी पडतं, आणि हे कॉलेजच्या फिल्मवरही दिसत होतं. म्हणजे बुटका असला तर नापास करू नका, पण डबल टीमचे स्नॅप दुप्पट बघा.

प्रश्न : कॉलेजमध्ये सगळी बक्षिसं जिंकलेला टॅकल प्रोमध्ये साधारण कसा ठरतो? स्काउटना कळत नाही का?

उत्तर : बऱ्याचदा पोरगा चांगलाच असतो, जागा चुकीची मिळते. टॅकल हे एकच काम आहे असं आपण समजतो पण लाइनवर जागांना नंबर असतात. सेंटरच्या नाकासमोर उभा तो झीरो टेक्निक, सेंटरच्या एका खांद्यावरचा वन टेक्निक, या दोघांना नोज टॅकल म्हणतात. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरचा तो थ्री टेक्निक, त्याला घुसायला मोकळी गॅप मिळते म्हणून सॅकवाले नाव कमावतात ते बहुतेक इथलेच.

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा ग्लेन डॉर्सी 2007 मध्ये आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की ही बक्षिसं सगळी घेऊन आला, टीम नॅशनल चॅम्पियन झाली, आणि 2008 मध्ये कॅन्सस सिटीने त्याला पाचव्या नंबरवर घेतलं. घुसणारा खेळाडू होता. वर्षभरात तिथे कोच बदलले, डिफेन्स तीन लाइनमनचा झाला आणि त्याला बाहेर एंडला, म्हणजे लाइनच्या टोकाला, उभं करून ब्लॉकर धरून ठेवायचं काम दिलं, जे त्याच्या अंगात नव्हतं. त्याने ते इमानदारीने केलं, रनला बराही खेळला, पण पाचव्या नंबरकडून जे हवं होतं ते कसं येणार? मला त्याच्याबद्दल आजही वाईट वाटतं.

याच्या उलट टेक्सासचं बघा, 2023 ची एकच लाइन. ट-व्हॉन्ड्रे स्वेट 366 पाउंडचा, मधे उभा राहून दोघांना अंगावर घेणारा, आउटलँड ट्रॉफी त्याला मिळाली. शेजारी बायरन मर्फी, तीनशेच्या आत, चपळ. ड्राफ्टमध्ये मर्फी सोळाव्या नंबरवर सिॲटलला गेला आणि ट्रॉफीवाला स्वेट 38 व्या नंबरवर टेनेसीला. कारण पास रश करणाऱ्याला किंमत जास्त आहे. पण मर्फीची फिल्म बघताना एक प्रश्न विचारावाच लागतो की त्याला जे एकास एक ब्लॉक मिळाले त्यातले किती शेजारच्या स्वेटमुळे मिळाले? कोणी कोणाला मोकळं केलं हे समजून घेतल्याशिवाय दोघांपैकी कोणाचंच मोल ठरवता येत नाही.

प्रश्न : मग पहिल्या राउंडमध्ये नोज टॅकल घेणं चूक आहे का?

उत्तर : नुसता रन थांबवणारा असेल तर मी घेणार नाही, तसा दुसऱ्या-तिसऱ्या राउंडमध्ये मिळतो. मधे उभा राहून क्वार्टरबॅकच्या तोंडावर सेंटर ढकलत नेणारा असेल तर डोळे मिटून घ्या. क्लेम्सनचा डेक्सटर लॉरेन्स 2019 मध्ये सतराव्या नंबरवर न्यूयॉर्क जायंट्सने घेतला तेव्हा बरेच जण नाराज होते, आणि आज नोजवरून पास रश कसा करायचा हे त्याच्याकडूनच शिकावं.

प्रश्न : सीनियर बोलच्या (ड्राफ्टला निघालेल्या कॉलेज खेळाडूंच्या मॅचच्या) सरावाचे छोटे व्हिडिओ फिरतात, त्यात टॅकल गार्डला फेकून देताना दिसतात. त्यावर किती विश्वास ठेवावा?

उत्तर : मोबाइल शहरात होणाऱ्या त्या सरावातला एकास एक ड्रिल टॅकलच्या बाजूने झुकलेला असतो, गार्डच्या आजूबाजूला मदतीला कोणी नाही, जागा भरपूर, आणि पास आहे हे आधीच माहीत, रनचा विचारच नाही. त्यामुळे तिथे जिंकला तर थोडे मार्क द्या, पण तिथे वारंवार हरला तर मात्र काळजी करा. डोनाल्ड 2014 मध्ये तिथे कोणालाच आवरला नाही, पण त्याची फिल्म आधीपासूनच तेच सांगत होती. व्हिडिओत बघायचं असेल तर जिंकलेली फेरी सोडा, पहिली मूव्ह अडल्यानंतर काय करतो ती फेरी शोधा. आणि त्याच खेळाडूची सीझनमधली एखादी अटीतटीची मॅच काढून चौथ्या क्वार्टरची लांब ड्राइव्ह, म्हणजे समोरच्या टीमची एका दमात चाललेली चढाई, सलग बघा, दम लागल्यावर खांदे वर येतात का, बॉल दुसऱ्या बाजूला गेल्यावर तो पळतो की चालतो, आणि सातव्या-आठव्या स्नॅपलाही पहिलं पाऊल तेवढंच झटकन पडतं का.